शेकानंतरची दाढ

माझ्या खालच्या जबड्यात उजवीकडे जे हाड आहे ते मुळात माझ्या डाव्या पायाचे. माझे मूळचे हाड कॅन्सरने नेले नाही. कॅन्सर तीन वर्षांपूर्वीच गेला होता. हाड मी घालवले, एका दाढेपायी, आणि ती दाढ कशी काढली गेली हे सांगायला मी बसले आहे.

मी गोव्यातल्या आमोण्याची. म्हणजे लग्नानंतर आमोण्याची झाले, माहेर दोडामार्गाकडचे. बावीस वर्षे अंगणवाडीत मुलांना गाणी शिकवली, त्यामुळे बोलायची सवय दांडगी. आता दोन वाक्ये बोलले की पाण्याचा घोट लागतो आणि ओठ नीट मिटत नाहीत म्हणून अर्धे शब्द समोरच्याला परत विचारावे लागतात. लिहिताना कोणी परत विचारत नाही, एवढे बरे.

आमच्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात. ज्यांचे शेक संपले, ज्यांना घरचेदारचे ‘सुटलीस बाई एकदाची’ म्हणून मोकळे झाले, आणि ज्यांचे हाल खरे तर त्यानंतर सुरू झाले, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावे मी सांगणार नाही. ती डॉक्टरांनी सांगावीत.

मिश्री

मी मिश्री लावायचे. आई लावायची, आजी लावायची, मलाही दहाव्या-बाराव्या वर्षी लागली. तंबाखू तव्यावर भाजायचा, चुरायचा आणि बोटाने दातांवर फिरवायचा. सासरी आल्यावर मी ती न्हाणीत लपून लावू लागले, कारण आमोण्याच्या बायका असले काही करत नाहीत अशी माझी समजूत होती. त्याही करत होत्या, आपापल्या न्हाणीत. हे मला पुढे हॉस्पिटलच्या बाकावर कळले.

उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. आधी तिखट झोंबू लागले, मग सोलकढी, मग नुसता गरम भात. तुकडा काढून तपासायला दिला. निकालाच्या दिवशी आत गेले तर तरुण डॉक्टरीण होती. तिने कागद बघितला आणि विचारले, “मावशी, तुमच्यासोबत कोण आलंय?”

हा प्रश्न आला की समजायचे. मी म्हटले, “माझे मालक खाली टेम्पो लावूक जागा बघतत. माका सांगा, मी त्यांका सांगतंय.” तिने सांगितले. मी ऐकले आणि तिला विचारले की माझी साडी मागून खराब झाली आहे का, कारण मला एकदम खूप घाम फुटला होता.

हे वर आले तेव्हा मी बाकावर होते. पूर्वी हे खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर टेम्पो घेतला. हाताने धडधाकट, पण हॉस्पिटलची पायरी चढले की पाय लटपटणारा माणूस. “कितें म्हणलें?” विचारले. मी म्हटले, आधी चहा पिऊया. कँटीनमध्ये सांगितले. यांनी आपला चहा प्यायला, मग माझाही प्यायला, आणि दोन्ही पेले रिकामे झाल्यावर विचारले, “तुका नाका?”

शेक

आधी गालाचे ऑपरेशन झाले, मग सात आठवडे शेक. सुरुवातीला रोज दोन बस बदलून जायचे, पुढे हे टेम्पोने नेऊ लागले. तिथे जाळीचा एक मुखवटा असतो, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बसवून बनवलेला. तो तोंडावर ठेवून टेबलाला घट्ट अडकवतात, म्हणजे मान हलू नये. सगळे बाहेर जातात, जाड दार लागते. दुखत काही नाही. मी मनात अंगणवाडीची गाणी म्हणायचे. तिसरे गाणे संपले की दार उघडायचे.

दुसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलले. चौथ्या आठवड्यात पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचे. पाचव्या आठवड्यात मी यांना म्हटले, मला उद्या नेऊ नका, मला मरू दे.  सकाळी हे टेम्पो दारात लावून हॉर्न वाजवत बसले.

बाकावर माझ्या शेजारी मांद्र्याची शेवंती असायची. मासे विकणारी, घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारी, जिभेच्या कॅन्सरची. जीभ अर्धी कापलेली असूनही तिचे तोंड बंद नसायचे. “तुजी मिश्री तरी होती, गो,” ती म्हणायची, “माजें कांय व्यसन ना. माका फुकट गावलां.” बाकावरचे सगळे हसायचे आणि मग सगळ्यांचीच तोंडे झोंबायची.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून तीन गोष्टी सांगितल्या. पाणी सतत जवळ ठेवायचे. तोंड उघडण्याचा व्यायाम कधी सोडायचा नाही. आणि तिसरे: “खालची दाढ काढायची वेळ आली तर आधी आमच्याकडे या. शेक बसलेल्या हाडाला जखम झाली तर ते भरून येत नाही. दहा वर्षांनी आलात तरी हे लागू आहे.” तेच त्यांनी फाइलीतल्या कागदावर लिहून खाली लाल रेघ मारली. मी मान डोलावली. त्या दिवशी मला फक्त घरी जायचे होते.

बरी झाले

देवळात नारळ फोडला. शेजारणी आल्या, ओटी भरली, “नशीबवान गो तूं” म्हणाल्या. सहा महिन्यांनी तपासणीत काही सापडले नाही, वर्षानेही नाही. मी बरी झाले असे सर्वानुमते ठरले.

तोंडचे पाणी पळणे हे आपण सहज म्हणतो. माझे खरोखर पळाले. लाळच होईना. पोदेर सकाळी पाव देऊन जातो, तो पाव चहात भिजवून चिखल केल्याशिवाय घशाखाली उतरेना. बांगड्याचे हुमण जिभेवर ठेवले की आग, आणि चव मात्र ओल्या कागदाची. दात एकेक करून काळे पडू लागले. जबडा आवळत चालला. व्यायामासाठी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायच्या असतात. सुरुवातीला चौदा जायच्या. वर्षभरात अकरा झाल्या. मग मी व्यायाम करायचा कंटाळा करू लागले, कारण रोज सकाळी उठून आपण किती मिटत चाललो ते मोजायला मला नको वाटायचे.

मोठी कुलेर, म्हणजे चमचा, तोंडात जाईना, म्हणून अश्विनी, माझी एकुलती मुलगी, माझ्यासाठी औषधाची छोटी कुलेर घेऊन आली. लहान बाळाला भरवतो ती. एक वाटी पेज खायला चाळीस मिनिटे. ओठाच्या कोपऱ्यातून थोडी गळायची आणि मला कळायचेही नाही, तिथले कातडे बधिर झाले होते. एकदा नणंदेच्या घरी जेवताना समोरच्या बाईने हळूच नजर वळवली. त्यानंतर मी कोणासमोर जेवले नाही. सगळ्यांची जेवणे झाली की स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसायचे.

हे वैतागायचे. “आतां बरी जाल्या न्हय तूं? मागीर कित्याक रडटा?” त्यांना खरेच कळत नव्हते. आजार असताना त्यांनी माझी उस्तवार केली होती, तेव्हा काय करायचे ते माहीत होते. आता टेम्पो काढून कुठे न्यायचे ते कोणी सांगत नव्हते. शेवंतीचा मात्र दर रविवारी फोन यायचा. “काड्यो कितल्यो?” हा तिचा पहिला प्रश्न. मी खोटा आकडा सांगायचे.

सोयरीक

अश्विनी साखळीजवळच्या औषध कारखान्यात लॅबमध्ये आहे. तिला डिचोलीचे स्थळ आले. सिद्धेश, वीज खात्यात, माणसे चांगली, घरचे भाट, म्हणजे नारळाची बाग. त्याच दिवशी मी घरात फर्मान काढले: कॅन्सर हा शब्द या घरात कोणी उच्चारायचा नाही. लोक काय म्हणतात ते मला पाठ होते. आईला झाला, उद्या मुलीला होणार. अश्विनी काही बोलू लागली तेव्हा मी तिला अंगणवाडीच्या आवाजात गप्प केले. फाइल ट्रंकेत लुगड्यांच्या खाली गेली. गालावरच्या व्रणाचे ‘गळू कापले होते’ असे ठरले.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. सिद्धेशच्या आईने मला आग्रह केला तेव्हा माझा उपास आहे असे मी सांगून टाकले. वार कोणता हे आधी बघायला हवे होते. रविवार होता. त्या नुसत्या “बरें” म्हणाल्या आणि बशी बाजूला ठेवली. व्रणाबद्दल एक अक्षर विचारले नाही. मला वाटले, बाई अगदीच भोळी आहे.

साखरपुडा झाला, लग्न पाच महिन्यांवर आले, आणि माझी उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली.

फॉर्म

सिद्धेशची थोरली वहिनी नेहा साखळीत दातांची डॉक्टर. सिद्धेशच्या आईला फोनवर माझा आवाज ऐकून दुखणे कळले. “आमची नेहा आसतना तुमी दुसरे कडेन वतल्यात? आमकां बरें दिसचें ना.” न जावे तर व्याह्यांचा अपमान. हॉस्पिटलात जावे तर तिथल्या बाकावर अर्धी डिचोली येऊन बसलेली असते, कोणी ना कोणी बघणार. तीन दिवस गोळ्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी साखळीला गेले.

नेहाच्या दवाखान्यात फॉर्म होता. रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचे मोठे आजार, पूर्वीची ऑपरेशने, रेडिएशन. ती स्वतः शेजारी बसून विचारत गेली आणि मी नाही, नाही म्हणत गेले. “गालावर काय झालं होतं, मावशी?” “गळू.” “तोंड फार कमी उघडतं तुमचं.” “आमच्या घराण्यात सगळ्यांचाच असा.”

नंतर मी सगळ्यांना सांगितले की डॉक्टरांची ती सूचना मी विसरले होते. ते खोटे आहे. मला लाल रेघ आठवत होती. फॉर्मवर सही करताना ती रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती. मी मनाशी म्हटले, तीन वर्षे झाली, दाढ ती दाढ, एवढे काय होणार आहे. आणि हेही म्हटले की मुलीचे लग्न होऊन जाऊ दे, मग माझे काय व्हायचे ते होवो. दुसरे वाक्य फार मोठे त्यागाचे वाटले मला तेव्हा. बायकांना अशी वाक्ये लहानपणापासून पाजलेली असतात.

नेहाचा हात हलका. दाढ पाच मिनिटांत निघाली.

खळगा

खळगा भरला नाही. आठवडा गेला, तीन गेले, सहा गेले. आत जिभेला काहीतरी खरखरीत लागू लागले. आरशात बघितले तर पिवळट हाड उघडे दिसत होते. दुखणे कानापर्यंत चढले आणि मग वास सुरू झाला. स्वतःच्या तोंडाचा तो वास मी कोणाला समजावून सांगू शकत नाही. लवंग, गरम मिठाचे पाणी, काही चालेना. अंगणवाडीत गाणे म्हणायला खाली बसले तर एका पोरीने फ्रॉकचे टोक नाकाला लावले आणि दुसऱ्या बाईंकडे जाऊन बसली. चार वर्षांची पोर ती, तिला काय बोलणार. मी रजा टाकली.

नेहा दर आठवड्याला बोलावून जखम धुवायची. आधी तिला आश्चर्य वाटले, मग काळजी, मग ती स्वतःलाच खाऊ लागली. एकदा हातमोजे काढता काढता म्हणाली, “मावशी, माझंच काहीतरी चुकलंय. मी आमच्या कॉलेजच्या सरांना फोटो पाठवला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, यांना रेडिएशन झालं होतं का? मी म्हटलं, नाही सर, मी स्वतः विचारून फॉर्म भरलाय.” तिने माझ्याकडे बघितले. “नाही ना, मावशी?”

मी मान हलवली. नाही.

त्या आठवड्यापासून तिने दाढा काढायचे बंद केले, दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवू लागली. हे मला अश्विनीने सांगितले, सिद्धेशकडून कळले म्हणून. आपल्या हाताला काहीतरी झाले आहे असे त्या मुलीला वाटत होते. मी ते ऐकले आणि तांदूळ निवडत राहिले.

मला मरावेसे वाटत होते, हे मी सरळच लिहिते. मांडवी नदी आमच्या घरापासून दोन शेते ओलांडली की येते. त्या दिवसांत मी तिकडे जायचे टाळत असे, कारण गेले तर काय करीन याची मला खात्री नव्हती. घरात कोणाला सांगायची सोय नव्हती, शब्दच बंद केला होता ना मी. हे समोरून वास आला की उठून पडवीत जायचे, मग लाज वाटून परत यायचे. ते परत येणे मला जास्त लागायचे.

एका रविवारी शेवंतीने काड्या विचारल्या आणि मी खोटा आकडा सांगायच्या ऐवजी रडले. सगळे सांगितले. 

“शेकाचें हाड तें, गो,” ती म्हणाली. “तू तिका सांगलंस?”

“नाय.”

“मगे ती पोर फुकट मरता मगो. तुजें हाड गेलां तें गेलां, तिका कित्याक कुजयतंस?” आणि थोड्या वेळाने, “उद्या सांग. ना जाल्यार मी माशांची पाटी घेवन साखळें येतलंय आनी तिच्या दवाखान्याच्या दारात बसतलंय.”

ती आली असती. तिला मी ओळखते.

नेहाचे टेबल

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक उघडली. फाइल पदराखाली घेऊन बसने गेले आणि नेहाच्या टेबलावर ठेवली. तिने पहिले पान वाचले, दुसरे वाचले, लाल रेघेपाशी थांबली. बाहेर तीन पेशंट बसले होते. पंखा फिरत होता.

“मावशी, मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं,” ती म्हणाली.

ती रडली नाही, ओरडली नाही. हॉस्पिटलात फोन लावला, कोणाशी तरी इंग्रजीत बोलली, दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतली. मग म्हणाली, “आईंना मला सांगावं लागेल.”

इथे मला लिहावेसे वाटते की मी म्हटले, सांग, लग्न मोडायचे तर मोडू दे. मी तसे म्हटले नाही. मी खुर्चीवरून खाली उतरले आणि माझ्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या त्या बाईचे पाय धरले. “सांगू नको गे. लग्न होऊन जाऊ दे.” तिने मला काखेत धरून उठवले आणि खुर्चीत बसवले. “ते जमणार नाही,” म्हणाली. मग पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि मी पिऊन संपवेपर्यंत शेजारी उभी राहिली.

सगळ्यांना खबर होती

त्याच संध्याकाळी सिद्धेश आणि त्याची आई आले. यांनी पडवीत खुर्च्या मांडल्या. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. सरळ स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

“आमकां पयल्याच दिसा खबर आसलें,” त्या म्हणाल्या.

मला कळले नाही. त्यांनी परत सांगितले. अश्विनीने सिद्धेशला पहिल्या भेटीतच सांगितले होते, स्थळ अजून पक्केही झाले नव्हते तेव्हा. त्याने आईला सांगितले. “हांवेंच घरांत सांगलें, तिचे मुखार तें उतर काडूं नाकात, तिका वायट दिसतलें. नेहा साखळें रावता म्हणून तिका सांगलें ना. चार तोंडां उणीं.” तो शब्द माझ्यासमोर काढायचा नाही असे त्यांनीच घरात बजावले होते, आणि साखळीला राहणाऱ्या नेहाला तर सांगितलेच नव्हते. गळवाची कथा, रविवारचा उपास, सगळे त्यांना कळत होते. माझी अब्रू राहावी म्हणून त्या भोळ्या झाल्या होत्या.

मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. मला राग आला. “खबर होता,” मी म्हटले, “तरी माका दाढ काढूक तुमीच धाडलास?”

“शेकाचें आनी दाढेचें कितें तें आमकां खंय कळटा?” त्यांचे डोळे भरून आले. “तुमी बऱ्यो जाल्यात म्हणून समजलीं आमी.”

अश्विनी दारात उभी होती. मी तिला विचारले, मला का सांगितले नाहीस की त्यांना माहीत आहे. ती म्हणाली, “आई, तू बोलू दिलं असतंस?”  दोन घरांतली माणसे, सगळ्यांना सगळे ठाऊक, जो तो दुसऱ्याचे मन जपत होता आणि त्या जपण्यात माझे हाड सडले. मी त्या दिवशी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पुढचे कित्येक दिवस मी अश्विनीशी धड बोलले नाही.

पायाचे हाड

हॉस्पिटलात कोणी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते. दोन महिने औषधांनी हाड वाचवायचा प्रयत्न झाला. लग्न पुढे ढकलले. मग एका सकाळी चहात भिजवलेला पाव खाताना जबड्यात कट् असा आवाज झाला आणि खालचा अर्धा चेहरा माझ्या ताब्यात राहिला नाही. भिजलेला पाव होता तो.

डाव्या पायाचे हाड काढून जबड्याला लावले. शुद्धीवर आले तेव्हा गळ्यात एक नळी, नाकात एक, पाय बांधलेला, आणि बोलता येईना. वॉर्डाचा दिवस पाच वाजता सुरू व्हायचा: ताप, रक्तदाब, ड्रेसिंग, डॉक्टरांचा घोळका, मग लांबलचक दुपार. मला एकच गोष्ट आवडायची. केरळची एक नर्स होती, ती कामावर आली की सांगावे न लागता ओल्या कापसाने माझे ओठ पुसायची. पाच सेकंदांचे काम. तिची पाळी कधी आहे हे मी भिंतीवरच्या घड्याळावरून हिशोब करून ठेवायचे.

पेज गाळून नळीतून घालायला हे शिकले. हॉस्पिटलची पायरी चढताना लटपटणारा माणूस, पण खाणीवरच्या ट्रकचे इंजिन उघडावे तशा काळजीने नळी धरायचे. एकदा तसेच पेज घालताना म्हणाले, “ती तांबडी रेग हांवेंय पळयिल्ली. हांव विसरलों. म्हजें चुकलें.”

मी खुणेने पाटी मागितली आणि लिहिले: मी विसरले नव्हते.

त्यांनी वाचले.  मग ती उशाशी ठेवली आणि उरलेली पेज नळीत सोडली.

आता तोंड एका बोटाएवढे उघडते. याहून जास्त उघडणार नाही. डावीकडच्या हाडालाही शेक बसला आहे, तिथल्या दाढांवर जन्मभर लक्ष ठेवावे लागेल आणि तिथेही हेच होऊ शकते असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मला धीर द्यायचा त्यांनी प्रयत्न केला नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मी घाबरते. रोज दात घासताना घाबरते. ज्यांचे शेक झाले आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की फाइल लपवू नका, आणि दातांच्या डॉक्टरपुढे बसाल तेव्हा, ती कोणाचीही सून असो, आधी तोंडाने सांगा आणि मग तोंड उघडा. आणि घरच्यांनो, बाई बरी झाली असे तुम्ही परस्पर ठरवू नका. तिला विचारा, आज काय खाता आले.

पंगत

लग्न डिचोलीच्या देवळाच्या सभागृहात झाले. मी आतल्या खोलीत बसणार असे माझे मी ठरवले होते. लोकांसाठी बुफे होता, पण व्याह्यांची मानाची पंगत केळीच्या पानावर मांडली होती. सिद्धेशची आई आतल्या खोलीत आली. “तुमी म्हजे कुशीक बसात.” मी मान हलवून नाही म्हटले. त्यांनी माझे मनगट धरले आणि नेलेच.

आमच्याकडे पंगतीतला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय कोणी पानावरून उठत नाही. हे मला ठाऊक होते, म्हणून तर मी आत बसले होते. माझ्या पानावर त्यांनी भात वाढू दिला नाही. एक वाटी गाळलेली पेज आणि छोटी कुलेर ठेवली. तीन वर्षे मी कोणासमोर जेवले नव्हते, आणि आता समोर ओळीने चाळीस माणसे.

मी सुरुवात केली. पहिल्याच घासाला पेज ओठाच्या कोपऱ्यातून गळाली. नवीन साडीवर पडली. समोर अश्विनी होती, हातात हिरवा चुडा, शेजारी सिद्धेश, पलीकडे नेहा. वरण-भात झाला, भाजी, जिलबी, मठ्ठा झाला. लोकांची पाने रिकामी झाली. माझी वाटी निम्मीही झाली नव्हती. बोलणे हळूहळू थांबले. लोकांच्या हातावरचे अन्न वाळू लागले. वाढपी मठ्ठ्याचे भांडे घेऊन दोनदा येऊन गेला. दाराशी पुढची माणसे खोळंबली होती. मला वाटत होते, वाटी उलटी करावी आणि उठून जावे. शेजारी बसलेल्या बाईचा मला त्या क्षणी मनापासून द्वेष वाटला.

सिद्धेशच्या एका काकाने पान दुमडायला हात घातला.

“बस रे भाऊ,” सिद्धेशची आई म्हणाली. “विहीण जेवता.” मग माझ्याकडे न बघता, हळू, “जेवात तुमी. आमकां गडबड ना.”

काकाने हात मागे घेतला. नेहा माझ्याकडे बघत होती, माझ्या जबड्याकडे, डॉक्टरच्या नजरेने. अश्विनीने नजर वळवली नाही. मी हनुवटीवरून गळणारी पेज पुसायला रुमाल उचलला, खाली ठेवला, आणि कुलेर परत वाटीत घातली. पेज गार झाली होती. ती सगळी मी खाल्ली. मग सिद्धेशची आई उठली, आणि तिच्यामागून सगळे उठले.